नदीखोऱ्यातली वाईनद्राक्षं: जमीन, हवामान आणि पाण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोझेल, ऱ्हाइन, दौरो, रोन, ल्वार, गारोन, डॅन्यूब. वाईनसाठी नाव कमावलेल्या युरोपातल्या जुन्या पट्ट्यांची यादी करायला बसलं की नद्यांचीच यादी तयार होते. खोऱ्यातली जमीन आणि हवा द्राक्षवेलीवर नेमकं काय करतात, याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. माझी भूमिका आधीच सांगतो. जमिनीची चव थेट वाईनमध्ये उतरते, ही समजूत कितीही गोड असली तरी मला पटत नाही. जमिनीचं खरं काम पाणी सांभाळण्याचं आहे: किती धरायचं, कधी सोडायचं आणि कधी हात आखडता घ्यायचा. म्हणून खालच्या बऱ्याच उत्तरांत पाण्याचा विषय निघेल.

वाईनचे इतके जुने पट्टे नदीकाठीच का?

पहिलं कारण शेतीचं नाही, वाहतुकीचं आहे. वाईनची भरलेली पिंपं बैलगाडीतून खडकाळ रस्त्याने नेणं महाग आणि जोखमीचं होतं. होडीतून ती सहज बंदरापर्यंत जात. पोर्तुगालच्या दौरो खोऱ्यातली पोर्ट वाईन राबेलो नावाच्या सपाट बुडाच्या होड्यांमधून समुद्राजवळच्या विला नोव्हा दे गाइयाच्या तळघरांत पोहोचायची. फ्रान्समधल्या बोर्दोची भरभराट तर बंदरामुळेच झाली.

पण नुसत्या वाहतुकीवर वाईनचा नावलौकिक शेकडो वर्षं टिकत नाही. नदी डोंगर कापते आणि उतार तयार करते. ती वेगवेगळ्या वयाचे खडक उघडे पाडते, वरून आणलेले गोटे, वाळू आणि गाळ वेगवेगळ्या उंचीवर टाकून जाते. थंड हवेला वाहून जायला वाट मिळते, धुक्याला साचायला जागा मिळते. एवढी विविधता थोडक्या अंतरात दुसरीकडे क्वचितच सापडते.

वेलींना पाजायला पाणी मिळावं म्हणून या बागा नदीकाठी लावल्या, असं मात्र समजू नका. यातले बहुतेक युरोपीय पट्टे पावसाच्या पाण्यावर वाढले. फ्रान्सच्या नामांकित पट्ट्यांत सिंचनावर आजही निर्बंध आहेत.

नदीच्या पाण्यामुळे आजूबाजूची हवा खरंच बदलते का?

पात्र किती रुंद आणि खोल आहे, त्यावर अवलंबून आहे. पाणी हळू तापतं आणि हळू निवतं. बोर्दोच्या उत्तरेला गारोन आणि दोर्दोन्य मिळून जिरोंदची खाडी तयार होते. ती काही किलोमीटर रुंद आहे आणि तिच्या लगतच्या बागांना वसंतातल्या थंड रात्री तिची ऊब मिळते. एप्रिल २०१७ मध्ये बोर्दोत दहिवराने (गोठवणाऱ्या थंडीने) मोठं नुकसान झालं, तेव्हा खाडीला लागून असलेल्या मेदॉकच्या बागा बऱ्याच अंशी वाचल्या आणि आतल्या भागातल्या होरपळल्या.

अरुंद नदीकडून एवढी अपेक्षा ठेवता येत नाही. पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाबद्दल खूप लिहिलं जातं. सूर्य क्षितिजाजवळ असतो तेव्हा, म्हणजे सकाळी, संध्याकाळी आणि शरद ऋतूत, त्याचा काठालगतच्या तीव्र उतारांना थोडा लाभ होतो. पण उताराचा स्वतःचा परिणाम त्याहून कितीतरी मोठा आहे.

उतारावरच्या आणि सपाटीवरच्या बागेत फरक किती पडतो?

थंड प्रदेशात उतारावरच सगळं ठरतं. साधा हिशेब मांडू. ५० अंश उत्तर अक्षांशावर दक्षिणेकडे तोंड केलेला ३० अंशांचा उतार असेल, तर भर दुपारी त्यावर ऊन ज्या कोनात पडतं, तो कोन २० अंश अक्षांशावरच्या सपाट जमिनीवर पडणाऱ्या उन्हाइतका असतो. हवा उत्तरेचीच राहते, दिवसाची लांबीही तीच, पण तिरप्या उन्हामुळे होणारा तोटा भरून निघतो. जर्मनीतलं मोझेलचं खोरं या अक्षांशाच्या आसपास आहे. तिथे सपाट जमिनीवर रिसलिंग ही पांढरी द्राक्षजात पिकवणं पूर्वी फार अवघड होतं, म्हणून लोक कड्यांवर चढले. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट हा उतार काही ठिकाणी सुमारे ६५ अंशांचा आहे. तिथे ट्रॅक्टर चालत नाही. माणसं आणि माल एका रुळावरच्या छोट्या गाडीतून वर नेतात.

मोझेल नदी सतत वळणं घेते, त्यामुळे दक्षिणेकडे पाहणारा उतार कधी डाव्या काठावर असतो तर कधी उजव्या. जुन्या बागा त्या त्या वळणावर काठ बदलत गेलेल्या दिसतात. ऱ्हाइनच्या बाबतीत एकच मोठं वळण पुरेसं ठरलं. उत्तरेकडे वाहणारी ही नदी माइन्झपाशी टाउनुस डोंगरामुळे पश्चिमेकडे वळते आणि पुढे र्‍यूडेसहाइमपर्यंत तिचा उजवा काठ सलग दक्षिणाभिमुख होतो. मागे डोंगर उत्तरेचा गार वारा अडवतो. राइनगाऊ हा पट्टा या वळणाचीच देणगी आहे.

दक्षिण गोलार्धात हेच सगळं उत्तरेकडे पाहणाऱ्या उतारांना लागू पडतं. आणि उष्ण खोऱ्यांत गणित उलटतं: तिथे सावलीचे, उशिरा तापणारे उतार मोलाचे ठरतात. सकाळचं ऊन घेणारा पूर्वाभिमुख उतार दव लवकर सुकवतो. पश्चिमेकडचा उतार दुपारी, हवा आधीच तापलेली असताना, आणखी तापतो.

दहिवराचा धोका खोऱ्याच्या तळाशीच जास्त का?

निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन उष्णता गमावते आणि तिला लागून असलेली हवा गार होते. गार हवा जड असते, त्यामुळे ती उतारावरून ओघळत तळाशी साचते. तिच्यावर, उताराच्या मध्यावर, तुलनेने उबदार हवेचा पट्टा राहतो. आणखी वर गेलं की उंचीमुळे पुन्हा गारवा वाढतो. दर १०० मीटरला साधारण ०.६ अंश सेल्सिअस तापमान उतरतं. म्हणून जुन्या खोऱ्यांत उत्तम बागा डोंगराच्या कमरेला आढळतात.

सुप्त अवस्थेतली वेल बरीच थंडी सोसते. जातीनुसार उणे १५ ते उणे २० अंशांच्या खाली गेलं तर डोळे (सुप्त अंकुर) मरू लागतात. पण डोळे फुटून कोवळी फूट बाहेर आली की उणे २ अंशही पुरेसे घातक ठरतात. गार हवेच्या वाटेत आडवा बांध, दाट कुंपण किंवा रस्त्याचा भराव आला तर ती त्याच्या वरच्या बाजूला तुंबते. मला वाटतं, बाग आखताना या गोष्टीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं.

बचावाचे उपाय आहेत. फ्रान्समधल्या शाब्लीत, सेरें नदीच्या खोऱ्यात, दहिवराच्या रात्री वेलींवर पाण्याचे तुषार सोडतात. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकतं, त्यामुळे बर्फाच्या कवचातली फूट शून्य अंशाच्या आसपास राहते आणि वाचते. अट एकच: बर्फ वितळू लागेपर्यंत तुषार थांबता कामा नयेत. काही ठिकाणी वरची उबदार हवा खाली ढकलणारे मोठे पंखे लावतात, काही ठिकाणी ओळींमध्ये मेणाच्या मोठ्या मशाली पेटवतात. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्सच्या बहुतेक पट्ट्यांत या सगळ्यांचा वापर झाला, तरी हानी प्रचंड झाली.

एकाच खोऱ्यात इतक्या वेगळ्या जमिनी कशा तयार होतात?

नदी आपलं पात्र खोल करत जाते तशी तिची जुनी पात्रं काठावर पायऱ्यांसारखी उरतात. सर्वांत वरची पायरी सर्वांत जुनी. तिथले गोटे जास्त झिजलेले, माती जास्त धुपलेली आणि निचरा चांगला. सर्वांत खाली ताजा पोयटा: सुपीक, खोल, ओलावा धरून ठेवणारा. शिवाय डोंगरावरून घसरून आलेला मुरूम आणि माती उताराच्या पायथ्याशी साठते. त्यामुळे पाचशे मीटर चालताना जमीन तीन-चार वेळा बदलू शकते.

ल्वार याचं सर्वांत लांबलचक उदाहरण. ही नदी सुमारे १,००० किलोमीटर वाहते. सांसेरमध्ये चुनखडीयुक्त माती आणि गारगोटी, तिथे सोव्हिन्यों ब्लां ही द्राक्षजात. तूरेनमध्ये तुफो नावाची मऊ, सच्छिद्र चुनखडी, तिच्यावर शेनिन ब्लां आणि कॅबर्ने फ्रां या जाती. आंजूच्या साव्हनियेर भागात काळसर शिस्ट, म्हणजे पदरांनी फुटणारा खडक. समुद्राजवळ नाइस (पट्टेदार कठीण खडक) आणि ग्रॅनाइटवर मस्कादे वाईन. पाणी एकाच नदीचं, पण वाईन एकमेकींसारख्या मुळीच नाहीत. अर्थात यात फक्त जमीन बदलत नाही. आतल्या भागातलं विषम हवामान समुद्राकडे जाताना सौम्य आणि दमट होत जातं. जमिनीचं श्रेय जमिनीला देताना हवामानाचा वाटा विसरू नये.

ऑस्ट्रियात डॅन्यूबच्या वाखाऊ भागात हा फरक काही पावलांत दिसतो. वरच्या दगडी बांधांच्या पट्ट्यांवर नाइस खडकाची पातळ माती आहे आणि तिथे रिसलिंग लावतात. खालच्या भागात वाऱ्याने आणून टाकलेली बारीक, पिवळसर लोएस माती आहे. ती ओल चांगली धरते, म्हणून तिथे कोरडेपणा कमी सोसणारी ग्रूनर वेल्टलिनर बहरते.

वाईनच्या द्राक्षाला निकस जमीनच चांगली, हे खरं आहे का?

अर्धं खरं. हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वेल हंगामाच्या सुरुवातीला शेंडे आणि पानं वाढवते. पाणी आणि नत्र भरपूर असेल तर ती वाढतच राहते: फुटी लांबतात, पानांची गर्दी होते, घड सावलीत जातात, मणी मोठे आणि पाणचट होतात. कॅबर्ने सोव्हिन्योंसारख्या जातीत ढोबळी मिरचीसारखा हिरवट वास उरतो. आता दुसरी स्थिती पाहा. फुलोरा आणि मणी धरण्यापर्यंत पुरेशी ओल आहे, मग ती हळूहळू उतरू लागते. मुळांना हे जाणवतं आणि पानांपर्यंत संकेत जातो. अ‍ॅबसिसिक आम्ल नावाचं संप्रेरक यात मुख्य आहे. शेंड्यांची वाढ मंदावते, मणी लहान राहतात. रसाच्या मानाने सालीचं प्रमाण वाढतं, आणि रंग व टॅनिन (तुरटपणा देणारी द्रव्यं) सालीतच असतात. मण्यात पाणी उतरू लागेपर्यंत, म्हणजे मणी मऊ पडून रंग धरू लागेपर्यंत, वाढ थांबलेली असेल तर वेलीची सगळी कमाई घडांकडे वळते.

म्हणजे हवी आहे ती बेताची तहान, योग्य वेळी. बोर्दो विद्यापीठातले मृदाशास्त्रज्ञ जेरार सेगँ यांनी मेदॉकच्या नामांकित बागांचा अभ्यास करून हेच दाखवलं. उत्तम बागांत मातीचं रासायनिक घटकांशी जुळणारं एकच सूत्र सापडलं नाही. समान होती ती पाण्याची शिस्त: पावसाचं जादा पाणी झटकन निघून जातं, आणि कोरड्या दिवसांत मुळांना तुटपुंजं का होईना, पण अखंड पाणी मिळत राहतं.

ही शिस्त वेगवेगळ्या जमिनी वेगवेगळ्या मार्गांनी पाळतात, आणि मला तरी या विषयातलं सर्वांत सुंदर प्रकरण हेच वाटतं. मेदॉकमध्ये गारोनने पिरेनीजकडून आणलेल्या गोट्यांचे उंचवटे आहेत. त्यांत पाणी टिकत नाही, म्हणून मुळं खोल उतरतात. जिरोंदच्या पलीकडे पोमरोलमध्ये पेत्रुसची बाग नेमकी उलट, जड निळसर चिकणमातीवर आहे. ही माती भिजली की फुगते आणि वरचं पाणी आत शिरू देत नाही. आतलं पाणी ती इतकं घट्ट धरते की वेलीला ते ओढून काढावं लागतं. एकीकडे खडी, दुसरीकडे चिकणमाती, आणि वेलीला मिळणारी वागणूक जवळपास सारखी. दौरोच्या खोऱ्यात माती नावालाच आहे. पण तिथला शिस्ट खडक उभ्या चिरांनी फाटलेला आहे. हिवाळ्यातला पाऊस या चिरांत उतरतो आणि मुळंही त्याच वाटेने कित्येक मीटर खाली जातात. अशी जमीन रांजणासारखी वागते: हिवाळ्यात भरते, उन्हाळाभर पाझरते.

आता ‘निकस’ या शब्दाकडे वळू. जमीन खरोखर दरिद्री असेल, तर पानं जून होण्याआधीच पिवळी पडतात, साखर अडकते आणि रसात नत्र कमी पडल्यामुळे यीस्टला नीट आंबवता येत नाही. तहान बेताबाहेर गेली तर पानांची छिद्रं मिटतात आणि प्रकाशसंश्लेषण थांबतं. वेल कष्टात असली की वाईन महान होते, असं जे म्हटलं जातं ते ऐकताना हे लक्षात ठेवावं.

वाईनमध्ये दगडाची, खनिजांची चव येते का?

नाही. दगडाला स्वतःची चव जवळपास नसते आणि तो पाण्यात सहजासहजी विरघळतही नाही. मुळं शोषतात ते पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसारखे विरघळलेले आयन, तेही अत्यल्प प्रमाणात आणि बरेचसे मातीतल्या सेंद्रिय अंशातून. वेल्समधले भूशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स माल्टमन यांनी हा मुद्दा अनेक वर्षं सातत्याने मांडला आहे. मोझेलच्या रिसलिंगमध्ये पाटीच्या दगडाचा भास होतो, तो कडक आम्लता, कमी अल्कोहोल आणि काही गंधद्रव्यं यांच्या मेळातून. भास खरा आहे, त्याचं कारण वेगळं आहे.

मग चुनखडीचं एवढं कौतुक का?

कारण चुनखडी पाण्याशी चांगली वागते. मऊ, सच्छिद्र चुनखडी हिवाळ्यात पाणी पिऊन ठेवते आणि उन्हाळ्यात मुळांना थोडं थोडं देते. कॅल्शियममुळे चिकणमातीचे कण गुठळ्या धरतात, त्यामुळे निचरा सुधारतो. पण मुक्त चुन्याचं प्रमाण जास्त झालं की वेलीला लोह घेता येत नाही आणि पानं शिरांमधून पिवळी पडतात. अशा जागी ४१बी किंवा फेर्काल यांसारखे चुना सोसणारे खुंट (कलमाखालची मुळांची वेल) घ्यावे लागतात.

रात्री गोट्यांची ऊब वेलीला मिळते ना?

मिळते. दक्षिण फ्रान्सच्या शातोनफ-द्यु-पापमध्ये रोन नदीने आल्प्सकडून आणलेले क्वार्टझाइटचे मोठे गोल गोटे बागांवर पसरलेले आहेत. ते दिवसा तापतात आणि संध्याकाळी उष्णता सोडतात. मोझेलचा गडद पाटीचा दगडही तेच करतो, आणि त्या थंड खोऱ्यात ही ऊब खरोखर उपयोगी पडते. शातोनफमध्ये मात्र उन्हाळा मुळातच कडक असतो, त्यामुळे तिथे मला गोट्यांचं दुसरं काम मोठं वाटतं: ते आच्छादनासारखे खालच्या मातीतली ओल उडू देत नाहीत. त्याच गावातली शातो रायास ही अतिशय मान मिळवलेली बाग वाळूवर आहे. तिथे हे गोटे नाहीत आणि ग्रेनाश द्राक्ष अप्रतिम पिकतं. गोट्यांची छायाचित्रं छान येतात, पण फक्त त्यांच्यावरून वाईन जोखू नये.

पीक तयार व्हायला किती उष्णता लागते?

दिवसाचं सरासरी तापमान १० अंशांच्या वर गेलं की वेल जागी होते. म्हणून रोजच्या सरासरीतून १० वजा करून उरलेले अंश हंगामभर बेरजेत धरतात. सरासरी १८ असेल तर त्या दिवसाचे ८ अंश जमा. कॅलिफोर्नियात अ‍ॅमेरिन आणि विंकलर यांनी १९४४ मध्ये या हिशेबावर प्रदेशांचे पाच गट पाडले. एप्रिल ते ऑक्टोबर बेरीज साधारण १,३९० च्या आत राहिली तर पहिला, सर्वांत थंड गट. २,२२० च्या वर गेली तर पाचवा.

हिशेब सोपा आहे, म्हणून तो टिकला. पण एकच बेरीज असलेली दोन खोरी फार वेगळी असू शकतात. एका ठिकाणी रात्री गार, दुसऱ्या ठिकाणी उकाड्याच्या. द्राक्षातलं मॅलिक आम्ल उष्णतेत झपाट्याने जळून जातं, टार्टरिक बरंचसं टिकतं. गार रात्री आम्लता राखतात. काळ्या जातींत ३५ अंशांच्या वर मण्याचा रंग नीट भरत नाही. म्हणूनच उष्ण खोऱ्यात डोंगरातून रात्री वाहत येणारा गार वारा नशिबाचा मानावा.

उष्ण कटिबंधात आणखी एक अडचण येते. हिवाळ्याची थंडी पुरेशी नसल्यामुळे वेल झोपतच नाही. तिला छाटणीने विश्रांती आणि हंगाम लावून द्यावा लागतो, आणि काढणी कोरड्या, गार महिन्यांत येईल असं वेळापत्रक आखावं लागतं.

धुकं बागेला मारक की तारक?

दोन्ही. दमट, कोंदट हवेत केवडा, भुरी आणि घडकूज हे रोग वाढतात, हे प्रत्येक बागायतदार जाणतो. पण बोर्दोच्या दक्षिणेला सोतेर्नची सगळी कीर्ती धुक्यावर उभी आहे. सिरों ही झाडीच्या सावलीतून वाहणारी गार पाण्याची छोटी नदी तुलनेने उबदार गारोनला मिळते. शरदातल्या सकाळी तिथून धुकं उठतं आणि पिकलेल्या सेमियों द्राक्षावर बोट्रायटिस बुरशी धरते. दुपारी ऊन पडलं की मणी सुकतात, साखर आणि आम्ल दोन्ही आटून घट्ट होतात, आणि अत्यंत गोड, दीर्घायुषी वाईन तयार होते. दुपारचं ऊन आलं नाही तर तीच बुरशी निव्वळ नासाडी करते. २०१२ मध्ये तिथल्या नामांकित शातो दिकेम बागेने गोड वाईन काढलीच नाही.

कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यात धुकं वेगळं काम करतं. सान पाब्लो उपसागराकडून ते रात्री खोऱ्यात शिरतं आणि दक्षिणेकडचं तोंड गार ठेवतं. परिणामी उत्तरेकडे जावं तसं गारव्याऐवजी ऊन वाढत जातं. दक्षिण टोकाच्या कार्नेरोसमध्ये पिनो न्वार आणि शार्दने, वरच्या भागात कॅबर्ने, ही मांडणी त्यातूनच आली.

आणि वारा?

रोन खोऱ्यातला मिस्त्राल उत्तरेकडून इतक्या जोराने येतो की काड्या मोडतात. कोत-रोतीच्या चढावर वेली खांबांना बांधाव्या लागतात. पण पावसानंतर तोच वारा घड वाळवतो आणि बुरशीला वाव देत नाही. त्याच्यामुळे फवारण्या कमी लागतात.

डोंगर वाऱ्यातला पाऊसही अडवतात. दौरोत अटलांटिककडून येणारे ढग १,४०० मीटरहून उंच मारांव डोंगराला अडतात. पश्चिमेच्या बाइशू कोर्गू भागात वर्षाला सुमारे ९०० मिमी पाऊस पडतो, तर स्पेनच्या सीमेकडे तो ४०० मिमीच्या आसपास उतरतो. एवढा फरक एकाच खोऱ्यात.

कोणत्या जमिनीत कोणती जात लावावी?

ठोकताळे आहेत. गोट्यांच्या, लवकर तापणाऱ्या जमिनीत उशिरा पिकणारी कॅबर्ने सोव्हिन्यों. गार, ओल्या चिकणमातीत लवकर पिकणारी मर्लो. पाटीच्या दगडावर रिसलिंग, ग्रॅनाइटवर सिराह आणि गामे. यामागे खडकाची जादू नाही. जमीन किती लवकर तापते आणि किती पाणी देते, एवढंच. हवामान बदललं की तीच जोडी चालेल याची खात्री नाही. आधी हवामानाला जुळणारी जात निवडा, मग जमिनीला जुळणारा खुंट.

कलम न करता, स्वतःच्या मुळांवर वेल लावता येईल का?

फार थोड्या ठिकाणी. फायलोक्सेरा ही मुळं खाणारी अमेरिकी कीड १८६३ च्या सुमारास रोनच्या खालच्या भागात दिसली आणि पुढच्या काही दशकांत युरोपच्या बागा तिने संपवल्या. अमेरिकी खुंटांवर कलम हाच उपाय ठरला. वाळूत या किडीला हालचाल करता येत नाही, आणि मोझेलच्या काही खडकाळ चढांवरही जुन्या, विनाकलमी वेली टिकून आहेत.

तळातल्या सुपीक पोयट्यात वाईनद्राक्ष लावूच नये का?

लावता येतं, पण कष्ट वाढतात. जोर कमी करणारा खुंट, ओळींत गवत वाढू देणं, पानं काढणं, पाणी तोडणं, हे सगळं आलं. आणि खोऱ्याचा तळ म्हणजे पोयटाच असतो असंही नाही. न्यूझीलंडच्या वैराऊ खोऱ्यातल्या सोव्हिन्यों ब्लांच्या बागा सपाट तळावरच आहेत. नदीने तिथे पात्र बदलत बदलत गोट्यांचे आणि गाळाचे पट्टे आलटून पालटून टाकले. एकाच ओळीत गोट्यांवरची वेल आधी पिकते आणि गाळावरची मागे राहते.

जागा निवडताना काय पाहावं?

खड्डा खणा. नुसत्या वरच्या मातीच्या नमुन्यावर विसंबू नका. दीड ते दोन मीटर खोल खड्डे, जमीन बदलते तिथे प्रत्येकी एक. भिंतीत मुळं कुठे अडतात, कडक थर आहे का, राखाडी-तांबूस ठिपके आहेत का ते पाहा. असे ठिपके म्हणजे तिथे पाणी तुंबतं. सामू (पीएच), मुक्त चुना, क्षारता आणि पोटॅशियम तपासून घ्या. पोटॅशियम फार असेल तर रसाचा सामू चढतो आणि वाईन सपक होते. निरभ्र रात्री वेगवेगळ्या उंचीवर तापमापक ठेवा. आणि पुराची रेषा विचारा. काठावरच्या जुन्या लोकांना ती ठाऊक असते.

हवामान तापत चाललंय. खोऱ्यांतल्या बागांचं काय होणार?

बदल सुरू झाला आहे. जर्मनीत आइसवाईनसाठी (गोठलेल्या द्राक्षांची गोड वाईन) द्राक्षं वेलीवरच उणे ७ अंश किंवा त्याखाली गोठावी लागतात. २०१९ च्या हंगामात तिथल्या एकाही पट्ट्यात ती थंडी पडली नाही. जुलै २०२१ मध्ये जर्मनीतच आर नदीच्या अरुंद खोऱ्यात अतिवृष्टीने पूर आला. १३० हून अधिक माणसं गेली आणि काठावरची वाईनची तळघरं वाहून गेली. उतार वाचले, पण ते जपणारी गावं तळाशी होती. या विषयावर बोलताना फक्त साखर आणि आम्लतेची चर्चा करून चालणार नाही, हे त्या पुराने दाखवलं.

दौरोत पोर्टसाठी बागांना ए ते एफ अशा श्रेणी देणारी जुनी गुणपद्धत आहे. तिच्यात कमी उंचीच्या, उबदार जागांना जास्त गुण मिळतात. आता तिथलेच बागायतदार वरच्या आणि उत्तराभिमुख जागांकडे वळत आहेत, कारण खाली आम्लता टिकत नाही. बोर्दोने २०२१ मध्ये सहा नव्या जातींना परवानगी दिली. त्यांची लागवड बागेच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि मिश्रणातलं प्रमाण १० टक्क्यांपर्यंतच ठेवता येतं. त्या सहांपैकी एक आहे दौरो खोऱ्यातली उन्हाला सरावलेली तोरिगा नासिओनाल.